तीन पायांवर घरी: कुत्र्याच्या हाडाच्या कॅन्सरची दोनशे वर्षांची गोष्ट

उद्या तुमचा कुत्रा दवाखान्यातून घरी येणार आहे. गेला तेव्हा चार पाय होते, येताना तीन असतील. घरात कुणी फारसं बोलत नाही. मुलं विचारतात, "आता हा चालणार कसा?" आणि मोठी माणसं मनातल्या मनात विचारतात, "एवढं सगळं केलं, आता तरी कॅन्सर गेला ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तुम्हाला आनंद देईल. दुसऱ्याचं तसं नाही. ही दोन्ही उत्तरं सापडायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. गंमत म्हणजे ती माणसांच्या आणि जनावरांच्या डॉक्टरांनी एकमेकांकडे बघत बघत शोधली आहेत. मी माणसांचा डॉक्टर आहे, पण ही गोष्ट दोन्हीकडची आहे. ती माहीत असली, तर उद्यापासूनचे दिवस कसे काढायचे हे ठरवणं तुम्हाला सोपं जाईल.

हा आजार नेमका कोणता?

कुत्र्याच्या पायाच्या हाडात होणारा सर्वांत नेहमीचा कॅन्सर म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. हे नाव १८०५ साली अलेक्सी ब्वाये या फ्रेंच सर्जनने वापरलं. हा नेपोलियनचा सर्जन. हाड तयार करणाऱ्या पेशीच बिघडतात आणि वेडंवाकडं, ठिसूळ हाड बनवत सुटतात. एकीकडे चांगलं हाड आतून पोखरलं जातं आणि दुसरीकडे कच्चं हाड बाहेर फुगत जातं. म्हणून सूज येते, म्हणून भयंकर दुखतं आणि म्हणूनच कधीकधी साध्या उडीनेही हाड मोडतं.

माणसांत हा आजार मुख्यतः वाढीच्या वयातल्या मुलामुलींना होतो, बहुधा गुडघ्याजवळ. कुत्र्यांमध्ये तो थोराड जातींना जास्त गाठतो: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, आयरिश वुल्फहाउंड, जर्मन शेफर्ड. वय साधारण सात ते नऊ वर्षं, क्वचित दीड-दोन वर्षांचं पिल्लूही. जागाही ठरलेल्या. मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास, पुढच्या पायात खांद्याजवळ किंवा मनगटाच्या वर. जनावरांचे डॉक्टर एक खूण लक्षात ठेवतात: पुढच्या पायात कोपरापासून लांब, मागच्या पायात गुडघ्याच्या जवळ.

सुरुवातीला कुत्रा फक्त लंगडतो. मुरगळला असेल, संधिवात असेल, वय झालं, असं वाटून काही आठवडे जातात. तुमचेही गेले असतील. त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. पुढे वाचाल तेव्हा कळेल, की हा आजार लंगडणं दिसण्याच्या आधीच बरंच काही करून बसलेला असतो.

पाय कापण्याची एवढी भीती का वाटते?

कारण आपल्या मनातलं चित्र फार जुनं आहे. भूल सापडण्यापूर्वी पाय कापणं म्हणजे चार जणांनी रुग्णाला धरून ठेवायचं आणि सर्जनने शक्य तितक्या लवकर करवत चालवायची. लंडनचा रॉबर्ट लिस्टन हा त्याच्या वेगासाठीच प्रसिद्ध होता. २१ डिसेंबर १८४६ रोजी त्याने ईथरची भूल देऊन मांडीतून पाय कापला, तेव्हाही सवयीने अर्ध्या मिनिटाच्या आसपास काम उरकलं. फरक इतकाच, की या वेळी रुग्ण ओरडला नाही. पुढे १८६०च्या दशकात जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा चिघळणं कमी करून दाखवलं. दुखणं आणि जंतुसंसर्ग हे दोन राक्षस आटोक्यात आल्यावर पाय काढणं ही जगण्याची शस्त्रक्रिया झाली.

तुमच्या कुत्र्याची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, वेदनाशामकांच्या आधाराने झालेली आहे. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. गेले काही आठवडे तो तो पाय टेकवतच नव्हता. तीन पायांवर चालायची तालीम त्याने स्वतःच केली आहे. शस्त्रक्रियेने त्याच्याकडून चालता पाय घेतलेला नाही, ठणकणारं ओझं उतरवलं आहे. पुष्कळ कुत्रे ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत आधीपेक्षा प्रसन्न दिसतात, ते यामुळेच.

मग पाय काढला म्हणजे कॅन्सर गेला का?

इथे इतिहास थोडा कठोर होतो.

१८७९ साली फिलाडेल्फियाचे सर्जन सॅम्युअल ग्रॉस यांनी लांब हाडांच्या सार्कोमाचे १६५ रुग्ण अभ्यासून सांगितलं, की लवकरात लवकर पाय काढा. सल्ला तर्काला धरून होता: गाठ मुळासकट काढली की आजार संपला. पुढची नव्वद वर्षं जगभर हेच झालं. १८९५मध्ये क्ष-किरण सापडले, १९२०च्या सुमाराला बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी हाडाच्या सार्कोमाच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली, निदान पक्कं होऊ लागलं, शस्त्रक्रिया सफाईदार झाल्या. तरीही पाचातला जेमतेम एक रुग्ण वाचत असे. पाय नीट काढलेला, जखम भरलेली, आणि वर्षाच्या आत खोकला. फोटो काढावा तर फुप्फुसात गाठी.

कारण हळूहळू ध्यानात आलं. पायातली गाठ दिसते तोवर तिच्या पेशी रक्तातून फुप्फुसापर्यंत पोहोचलेल्या असतात. त्या इतक्या बारीक असतात, की एक्सरेत दिसत नाहीत. बहुतेक कुत्र्यांचा निदानाच्या वेळी छातीचा एक्सरे स्वच्छ असतो आणि तरीही अंदाजे दहापैकी नवांच्या शरीरात या पेशी आधीच पसरलेल्या असतात. म्हणून तुम्हाला "एक्सरे क्लिअर आहे" असं सांगितलं असेल तर ते खरंच आहे, चांगलंही आहे, पण त्याचा अर्थ "कॅन्सर उरला नाही" असा होत नाही.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं. कॅनडाचा टेरी फॉक्स. १९७७ साली, अठराव्या वर्षी, याच आजारासाठी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. एप्रिल १९८०मध्ये कृत्रिम पाय लावून तो कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायला कॅनडा ओलांडत धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. मग छातीत दुखू लागलं, खोकला सुरू झाला आणि फुप्फुसात कॅन्सर सापडला. जून १९८१मध्ये तो गेला. बाविसाव्या वर्षी. पाय नसल्याने त्याचं धावणं थांबलं नव्हतं. ते थांबवलं फुप्फुसाने.

औषधांनी काय बदललं?

१९७०च्या दशकात बॉस्टनमध्ये नॉर्मन जॅफी आणि सहकाऱ्यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध फार मोठ्या मात्रेत देऊन, लगेच त्याचा उतारा देण्याची पद्धत हाडाच्या कॅन्सरमध्ये वापरली. त्याच सुमाराला डॉक्सोरुबिसिन आलं. सिसप्लॅटिनची कहाणी तर योगायोगाची. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं. कारण वीज नव्हतीच. प्लॅटिनमच्या पट्टीतून सुटलेलं संयुग हे काम करत होतं. १९६५ साली हे प्रसिद्ध झालं आणि १९७८मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झालं.

पण ही औषधं खरंच उपयोगी आहेत का, यावर डॉक्टरांमध्येच वाद होता. अखेर ३६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी विभागणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी, निम्म्यांना फक्त लक्ष ठेवणं. १९८६मध्ये निकाल छापला गेला: दोन वर्षांनी आजार न उलटलेले रुग्ण केमोच्या गटात ६६ टक्के, दुसऱ्या गटात १७ टक्के. वाद मिटला.

यात कुत्रे कुठे आले?

फिलाडेल्फियातच आले! ग्रॉस यांच्या १६५ माणसांच्या अभ्यासानंतर नव्वद वर्षांनी, १९६९ साली, त्याच शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रॉबर्ट ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी ऑस्टिओसार्कोमा झालेल्या १९४ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्यातला आजार माणसातल्या आजाराची जणू दुसरी प्रत निघाला. तीच हाडं, सूक्ष्मदर्शकाखाली तेच रूप, तोच फुप्फुसाचा रस्ता. फरक वेगाचा. मुलांमध्ये जे कळायला पाच वर्षं लागतात, ते कुत्र्यांमध्ये वर्षभरात कळतं. शिवाय माणसांत हा आजार दुर्मीळ आणि कुत्र्यांत त्याच्या कितीतरी पट जास्त.

हे प्रयोगशाळेत आजारी पाडलेले प्राणी नव्हते. घरोघरचे, लाडाचे, आपोआप आजारी पडलेले कुत्रे होते, आणि त्यांचे मालक उपचाराच्या आशेने त्यांना घेऊन येत होते. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये ग्रेगरी मॅकइवन यांनी पाय काढलेल्या काही कुत्र्यांना प्रतिकारशक्ती चेतवणारं एक नवं औषध दिलं. ते मिळालेले कुत्रे सरासरी २२२ दिवस जगले, न मिळालेले ७७ दिवस. हा निकाल १९८९मध्ये छापला. वीस वर्षांनी, २००९ साली, तेच औषध मिफामुर्टाइड या नावाने युरोपात मुलांसाठी मान्य झालं.

कोलोरॅडोत स्टीफन विथ्रो यांच्या चमूने कुत्र्यांचा पाय न कापता फक्त गाठीचं हाड काढून तिथे दुसरं हाड बसवण्याचं तंत्र विकसित केलं. त्या अनुभवातून माणसांच्या सर्जनांनाही शिकायला मिळालं. आज हाडाचा कॅन्सर झालेल्या दहापैकी आठ-नऊ मुलांचा पाय मोठ्या केंद्रांत वाचवला जातो.

आपल्याकडे या दोन्ही विद्या शेजारी नांदतात. मुंबईच्या परळमध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय १८८३पासून आहे, १८८६मध्ये त्याच्या आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, आणि १९४१मध्ये त्याच परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं.

मग मुलांचा पाय वाचतो, आमच्या कुत्र्याचा का कापला?

अगदी रास्त प्रश्न. माणसाला दोनच पाय. एक गेला की निम्मं चालणं गेलं. कुत्र्याचे चारातले तीन उरतात आणि त्यांवर तो पळतोसुद्धा. पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया कुत्र्यात मुख्यतः पुढच्या पायाच्या मनगटाजवळच्या गाठीसाठी चांगली जमते. त्यात जंतुसंसर्गाचं प्रमाण बरंच असतं, पुन्हा पुन्हा ऑपरेशनं लागू शकतात, खर्च मोठा. एवढं करून आयुष्य वाढत नाही, कारण ते फुप्फुसावर ठरतं.

"जयपूर फूट बसवता येईल का?" असंही विचारतात. बहुधा नाही. पुढचा पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढतात आणि मागचा खुब्यातून किंवा मांडीच्या वरच्या भागातून. अर्धवट थोटूक ठेवलं तर ते आपटतं, सोलवटतं. त्यामुळे कृत्रिम पाय अडकवायला जागाच उरत नाही. त्याची गरजही सहसा पडत नाही.

घरी आल्यावर

आता कामाच्या गोष्टी.

*फरशी.* आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्स हा तीन पायांच्या कुत्र्याचा पहिला शत्रू. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून झोपायच्या जागेपर्यंत सतरंज्या, योगा मॅट, रबरी तळाची पायपुसणी अंथरा. अशी न सरकणारी पायवाट करून ठेवा.

*आधार.* कुत्रा सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर तोलतो. म्हणून पुढचा पाय गेलेल्याला तोल सावरायला थोडा जास्त वेळ लागतो. पहिले काही दिवस पोटाखालून जाड टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरा आणि शू-शीला तसं न्या. जिना टाळा. बरेच कुत्रे एक-दोन दिवसांत स्वतः उभे राहतात, दोन ते चार आठवड्यांत ऐटीत फिरतात.

*जखम.* ती पाहून दचकाल. मोठा भाग भादरलेला, लांबलचक टाके, आजूबाजूला काळंनिळं. थोडी सूज, थोडं पाणी साठणं चालतं. लाल होऊन गरम लागणं, पू, घाण वास, टाके उसवणं, दोन दिवसांत अजिबात न खाणं यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर गळ्यातला कोन काढू नका. त्याला एलिझाबेथन कॉलर म्हणतात, सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या राणीच्या गळ्याभोवतीच्या चुणीदार झालरीवरून. आपला कुत्रा त्यात राजेशाही दिसत नाही, पण टाके वाचतात.

*दुखणं.* सोळाव्या शतकात फ्रेंच सर्जन आंब्रोआज पारे यांनी लिहून ठेवलं, की पाय कापल्यावरही सैनिक नसलेल्या पायात दुखतं म्हणून सांगतात. १८७१ साली अमेरिकेच्या सायलस वेअर मिचेल यांनी त्याला 'भुताचा अवयव' अशा अर्थाचं नाव दिलं. कुत्रा सांगू शकत नाही, पण काही कुत्रे अचानक केकाटून गेलेल्या पायाच्या जागेकडे वळून पाहतात. असं वारंवार झालं तर त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. नसांच्या दुखण्यावर वेगळी औषधं असतात. आणि हे ठळक अक्षरांत वाचा: घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

*वजन.* तीन पायांना चार पायांचं काम करायचं आहे. दया येते म्हणून बिस्किटांचा मारा करू नका. बरगड्या हाताला सहज लागतील इतपत तो सडपातळ ठेवा.

केमो द्यायची का?

आता आकड्यांकडे बघू या. १९९२ साली फक्त पाय काढलेल्या १६२ कुत्र्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. निम्मे कुत्रे १९ आठवड्यांपर्यंतच होते. वर्षभराने सुमारे ११ टक्के, दोन वर्षांनी २ टक्के. सोबत सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन किंवा डॉक्सोरुबिसिन दिलं तर निम्मे कुत्रे साधारण दहा ते बारा महिने जगतात आणि पाचातला एखादा दोन वर्षं गाठतो.

कुत्र्यांना केमो माणसांपेक्षा सौम्य मात्रेत देतात. जे आयुष्य उरलं आहे ते बरं जावं हा हेतू. म्हणून उलट्या, मलूलपणा सहसा एक-दोन दिवसांचाच आणि केसही बहुतेक जातींचे गळत नाहीत. औषध दिल्यावर काही दिवस त्याची शी-शू हातमोजे घालून साफ करा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना त्यापासून दूर ठेवा.

केमो परवडत नसेल किंवा नको वाटत असेल, तर तुम्ही कुत्र्याला वाऱ्यावर सोडलं असं समजू नका. पाय काढल्याने त्याचा ठणका गेला आहे, आणि ते काम पूर्ण झालेलं आहे. केमोने वेळ वाढतो, आणि तो विकत घ्यायचा की नाही हे घरच्या परिस्थितीवर ठरवायला तुम्ही मोकळे आहात.

पुढचे महिने

दर दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्सरे काढायला डॉक्टर सांगतील. खोकला, धाप, जेवण सोडणं, उरलेल्यापैकी दुसऱ्या पायाने लंगडणं याकडे लक्ष ठेवा. एक साधी युक्ती: भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करा. तो आज आनंदाने जेवला, दाराशी आला, शेपूट हलवली, तर बरोबरची खूण. नाही तर फुली. पुढे कधीतरी निर्णय घ्यायची वेळ येईल तेव्हा घरात मतभेद होतील, कुणी म्हणेल थांबूया, कुणी म्हणेल बास झालं. तेव्हा कॅलेंडर समोर ठेवा. सलग फुल्या दिसू लागल्या, की त्याला शांतपणे निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

पण ते पुढचं. उद्या मात्र तो गाडीतून उतरेल तेव्हा रडत गळ्यात पडू नका, त्याचा तोल जाईल. टॉवेल हातात ठेवा, दार उघडं ठेवा आणि त्याला त्याच्या गतीने आत येऊ द्या. त्याच्या दृष्टीने बातमी एवढीच आहे, की आज पाय दुखत नाही आणि आपण घरी आलो आहोत.